सरावखोलीतला विसावा

(द्वितीय वर्ष, कला)

व्हिडिओ गेम हा विषय आपल्या वार्षिकांकात शोभेल काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. साहित्य, इतिहास, समाजकारण या विषयांवर लिहिण्याची आपल्याकडे प्रथा आहे आणि ती योग्यच आहे. परंतु आपल्यापैकी पुष्कळजण लोकलमध्ये, कट्ट्यावर आणि (गुरुजनांनी क्षमा करावी) कधी कधी शेवटच्या बाकावरही जे खेळत असतात, त्याचाही विचार कोणीतरी करायला हवा. खेळ हा संस्कृतीच्या अभ्यासाचा गंभीर विषय आहे, हे डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांनी १९३८ साली 'होमो लुडेन्स' या ग्रंथात सविस्तर मांडले. तो धागा धरून मी एका अगदी लहान गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छिते.

लढतीचे गेम सर्वांना ठाऊक आहेत. पडद्यावर दोन लढवय्ये समोरासमोर उभे राहतात, वर दोघांच्या शक्तीच्या पट्ट्या असतात, मधोमध घड्याळ उलटे धावत असते आणि ज्याची पट्टी आधी संपेल तो हरतो. या गेमच्या यादीत एका कोपऱ्यात 'प्रॅक्टिस' किंवा 'ट्रेनिंग' असा एक विभाग असतो. तेथे प्रतिस्पर्धी असतो, पण तो आपण सांगू तसा उभा राहतो. घड्याळ नसते. शक्तीची पट्टी रिकामी झाली तरी पुन्हा भरते. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. या विभागाला मी 'सरावखोली' असे नाव दिले आहे. मारामारीसाठीच तयार केलेल्या खेळातली सर्वांत शांत जागा हीच कशी, आणि पुष्कळ खेळाडू सामना खेळण्याऐवजी तासन्‌तास येथेच का रमतात, हा या लेखाचा प्रश्न आहे.

पार्लरपासून घरापर्यंत

'स्ट्रीट फायटर' १९८७ साली आला आणि त्याचा दुसरा भाग १९९१ साली. 'मॉर्टल कॉम्बॅट' १९९२ चा, 'टेकन' १९९४ चा. हे सारे गेम प्रथम नाण्यावर चालणाऱ्या मोठ्या मशिनवर आले. नाण्याच्या मशिनचा धंदा माणसाच्या हरण्यावर चालतो. तुम्ही लवकर हरलात तर मालकाचे दुसरे नाणे लवकर पडते. अशा जागी सरावाची सोय कोण करील? शिकायचे ते हरून आणि प्रत्येक वेळी पैसे मोजून.

माझा मामा १९९० च्या दशकात उल्हासनगरच्या एका पार्लरमध्ये जात असे. तो सांगतो की एका रुपयाचे टोकन मिळे, हरणाऱ्याने उठायचे आणि रांगेच्या शेवटी जायचे असा नियम होता. मागे दहा-बारा पोरे उभी असत आणि प्रत्येक चुकीवर हसत. एखाद्याला डाव कसा करायचा हे विचारले तर तो सांगत नसे, कारण सांगितला तर उद्या तोच डाव त्याच्यावर उलटणार. मुली तेथे नसतच. माझी आई त्या वयात पार्लर आले की रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जात असे.

घरी खेळण्याच्या यंत्रांनी हे चित्र बदलले. सोनी कंपनीचे 'प्लेस्टेशन' डिसेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये विक्रीस आले. घरच्या गेमचे पैसे ग्राहकाने आधीच दिलेले असतात, त्याला लवकर हरवून बाहेर काढण्यात कोणाचाच फायदा नाही. उलट तो जितका वेळ रमेल तितके चांगले. १९९६ साली 'टेकन २' ची घरगुती आवृत्ती आली तीत सरावाचा स्वतंत्र विभाग होता, आणि पुढे ही सोय इतकी रूढ झाली की तिच्यावाचून लढतीचा गेम अपुरा वाटू लागला. सरावखोलीच्या उगमामागे असे साधे अर्थकारण आहे.

आमच्या भागात ही यंत्रे आली ती बाजाराच्या वाटेने. उल्हासनगर हे मुळात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लष्करी छावणीचे ठिकाण. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची पायाभरणी झाली. आजही आपण पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर पाच' असेच म्हणतो. सर्वस्व गमावून आलेल्या माणसांनी येथे बाजार उभा केला. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद कल्याणपासून कर्जतपर्यंत सर्वांनी ऐकलेला आहे. याच बाजारातून माझ्या भावाने दोन वर्षांपूर्वी जुना 'प्लेस्टेशन २' आणला. कंपनीने ज्याचे उत्पादन २०१३ च्या आरंभी पूर्ण थांबवले, ते यंत्र आमच्या घरी बदलापूरला आल्यावर नवेच होते. त्याच्यासोबत २००५ साली आलेल्या 'टेकन ५' ची तबकडी होती. माझा सारा प्रत्यक्ष अनुभव या एका तबकडीवरचा आहे, हे येथे नमूद करते.

सरावखोलीची रचना

'टेकन' मध्ये चार मुख्य बटणे असतात आणि ती चार अवयवांची असतात : डावा हात, उजवा हात, डावा पाय, उजवा पाय. दिशेची कळ आणि ही चार बटणे यांच्या मेळातून प्रत्येक लढवय्याचे शेकड्याच्या घरातले डाव तयार होतात. सरावखोलीत या डावांची यादी समोर मांडता येते. प्रतिस्पर्ध्याने उभे राहायचे, बसायचे की अंग राखायचे, हे आपण ठरवतो. फटका किती नुकसान करून गेला त्याचा आकडा दिसतो. कोणते बटण कोणत्या क्रमाने दाबले तेही दिसते. अलीकडच्या गेममध्ये ही सोय फार पुढे गेली आहे. २०२३ च्या 'स्ट्रीट फायटर ६' मध्ये प्रत्येक डावाचा क्षणन्‌क्षण रंगीत पट्टीवर उमटतो, आणि प्रतिस्पर्ध्याला एखादी चाल शिकवून ती हवी तितक्या वेळा आपल्यावर करून घेता येते.

हा सराव केवळ हौसेचा नाही, हे समजण्यासाठी थोडा हिशेब पाहू. या गेममध्ये एका सेकंदात ६० चित्रे पडद्यावर येतात. म्हणजे एक चित्र सेकंदाचा साठावा भाग टिकते. 'टेकन' मधील सर्वांत जलद ठोसा १० चित्रांत लागतो, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागात. डोळ्यांनी एखादी गोष्ट पाहून हात हलवायला माणसाला साधारणपणे सेकंदाचा पाचवा ते चौथा भाग लागतो, म्हणजे १२ ते १५ चित्रे. तेव्हा असा ठोसा पाहून अडवणे मानवी शरीराला शक्यच नाही. तो येणार हे आधी ओळखावे लागते आणि हाताने विचार न करता हलावे लागते. असा हात सरावाने तयार होतो, त्याला दुसरा उपाय नाही.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे काझुया या लढवय्याची विजेची मूठ. तिच्यासाठी दिशेची कळ पुढे दाबून सोडायची, मग खाली, मग खाली-पुढे तिरकी न्यायची, आणि ज्या क्षणी ती तिरकी होते नेमक्या त्याच क्षणी उजव्या हाताचे बटण दाबायचे. येथे 'क्षण' म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. किंचित उशीर झाला तर नुसताच ठोसा निघतो. साधले तर मुठीभोवती निळी वीज चमकते, वेगळा आवाज होतो आणि समोरचा हवेत उडतो. पहिले कित्येक दिवस ती मला शंभरात एकदा साधे. मग वीसात एकदा, मग पाचात एकदा. आजही सलग दहा वेळा साधत नाही. परंतु रात्री आई जीन्सचे धागे कापत बसलेली असते, वडील सकाळच्या पाळीसाठी झोपलेले असतात, टीव्हीचा आवाज बंद असतो, आणि मी त्या शांततेत तोच डाव पुन्हा पुन्हा करीत असते. दिवसभराच्या लोकलचा, वर्गाचा आणि घरकामाचा शीण अर्ध्या तासात उतरतो. तो का उतरतो, या कुतूहलातूनच हा लेख लिहिण्याचे मनात आले.

आपल्या मातीतली सरावखोली

ही कल्पना परदेशी यंत्रातून आली असे मानण्याचे कारण नाही. आपल्या महाराष्ट्राजवळ तिचा फार जुना आणि फार सुंदर नमुना आहे : मल्लखांब. नावातच 'मल्ल' आणि 'खांब' आहेत. कुस्तीगिराने ज्याच्याशी सराव करायचा तो लाकडाचा प्रतिमल्ल. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लांच्या व्यायामांत खांबावरच्या श्रमाचा उल्लेख आहे. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येला नवे रूप दिले. मारुतीच्या दृष्टांतातून त्यांना ती स्फुरली, अशी आख्यायिका आहे.

मल्लखांब सागाचा किंवा शिसवीचा, जमिनीवर सुमारे साडेआठ फुटांपर्यंत उंच, खाली जाड आणि वर निमुळता असतो. त्याच्या भागांची नावे पाहा : खालचा भाग 'अंग', त्यावर 'मान', आणि टोकाला 'बोंड'. म्हणजे खांबाला धड, मान आणि डोके दिलेले आहे. एरंडेल लावून त्याला अंगासारखा गुळगुळीत करतात. पकडी आणि तिढी त्याच्यावर घोटायच्या. हा प्रतिमल्ल थकत नाही, चिडत नाही आणि उलटा डाव टाकत नाही. सरावखोलीतला तो आज्ञाधारक लढवय्या आणि हा खांब यांत मला नात्याचे साम्य दिसते.

याहून लक्ष वेधणारी गोष्ट पुढे घडली. कुस्तीच्या तयारीसाठी असलेला मल्लखांब हळूहळू कुस्तीवाचूनही उभा राहिला. ज्यांना कधी हौद्यात उतरायचे नाही अशी मुले-मुली त्यावर चढू लागली. त्याच्या राष्ट्रीय स्पर्धा होऊ लागल्या, मध्य प्रदेशाने २०१३ साली त्याला राज्यक्रीडेचा मान दिला, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कवर त्याची पहिली जागतिक स्पर्धा भरली. तयारी हीच कला झाली. सरावखोलीत रमणारा खेळाडू सामना टाळतो म्हणून त्याला हिणवणाऱ्यांनी मल्लखांबाचा हा प्रवास ध्यानात घ्यावा.

तालमीतही हाच भेद दिसतो. मैदानातली कुस्ती वेगळी आणि रोज पहाटे लाल मातीत होणारा जोर वेगळा. जोर करताना वस्ताद दोघांना थांबवतो, पकड सोडवायला लावतो, तोच पट पुन्हा काढायला लावतो. ढाक, कलाजंग, धोबीपछाड यांपैकी प्रत्येक डावाला तोड आहे, आणि डाव व तोड दोन्ही एकाच मातीत, एकमेकांना सांगून शिकायचे असतात. गाण्याच्या रियाजाचेही असेच. पहाटे खर्ज भरणारा गवई कोणाला ऐकवण्यासाठी गात नाही. त्याचा श्वास संथ होतो, एक स्वर लांब जातो, आणि त्यातच त्याला समाधान मिळते.

विसावा कशाचा?

आता मूळ प्रश्नाकडे वळते. फ्रेंच विचारवंत रोझे कायवा यांनी १९५८ साली खेळांचे चार वर्ग पाडले. आपल्या शब्दांत सांगायचे तर स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवंड. कबड्डी ही स्पर्धा, सोंगट्यांचे दान हे दैव, भातुकली हे सोंग आणि फुगडी ही भोवंड. लढतीचा गेम उघडच स्पर्धेच्या वर्गात बसतो. परंतु सरावखोलीत शिरताच त्यातून स्पर्धा वजा होते आणि तरीही खेळ उरतो. उरतो तो काय? कायवा यांनीच याचे उत्तर सुचवले आहे. स्वतःच निर्माण केलेली अडचण स्वतःच सोडवण्यात माणसाला गोडी असते, असे ते म्हणतात. भोवरा हातावर घेणारा मुलगा कोणाला हरवत नसतो.

दुसरे कारण अवघडपणाच्या मापाचे आहे. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहायी यांनी १९७० च्या दशकापासून माणूस एखाद्या कामात पूर्ण रंगून जातो त्या अवस्थेचा अभ्यास केला. काम कुवतीपेक्षा फार अवघड असेल तर धास्ती वाटते, फार सोपे असेल तर कंटाळा येतो, आणि दोहोंचा मेळ बसला की माणूस वेळेचे भान विसरतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. सामन्यात हे माप समोरच्याच्या हाती असते. तो पट्टीचा निघाला तर आपली धडगत नाही, कच्चा निघाला तर मजा नाही. सरावखोलीत मापाची पट्टी आपल्या हाती असते. आज उभ्या प्रतिमल्लावर, उद्या बसलेल्यावर, परवा अंग राखणाऱ्यावर.

तिसरे कारण प्रेक्षकांचे. रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ साली असे दाखवून दिले की कोणी पाहत असेल तर अंगवळणी पडलेले काम अधिक चांगले होते, पण नव्याने शिकत असलेले काम बिघडते. पुढे १९६९ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग चक्क झुरळांवर केला. इतर झुरळे पाहत असताना सरळ वाटेवरचे झुरळ वेगाने पळाले आणि वळणाच्या वाटेवरचे रेंगाळले. मामाच्या पार्लरमधली ती हसणारी रांग आठवा. ती रांग मुरलेल्या खेळाडूला स्फुरण देत असेल, पण नवख्याचे हात तेथे आखडणारच. शिकणाऱ्याला आडोसा लागतो.

चौथे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सरावखोलीत प्रत्येक कृतीला लगेच आणि निर्विकार उत्तर मिळते. वीज चमकली किंवा चमकली नाही, इतकेच. 'तुला हे कधीच जमणार नाही', 'एवढी फी भरली त्याचे काय', 'शेजारच्या मुलीला बघ' असे यंत्र म्हणत नाही. चूक ही तेथे केवळ माहिती असते. चुकीला शिक्षा नाही म्हणून मन सैल होते, आणि मन सैल झाले म्हणून पुन्हा करावेसे वाटते. माझ्या मते सरावखोलीतला विसावा या चक्रातून येतो.

मराठी भाषेने हे फार पूर्वी ओळखले असावे. आपल्याकडे पुस्तक वाचणे हाही 'अभ्यास' आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करणे हाही 'अभ्यास'. पतंजलीच्या योगसूत्रांतही अभ्यासाची व्याख्या आहे : दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने केलेला प्रयत्न. त्यात दुसऱ्याला जिंकण्याचा उल्लेखही नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की हे सारे व्यसनाचे समर्थन आहे. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या विकाराला आपल्या आजारांच्या वर्गीकरणात स्थान दिले असून ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झाले आहे. हा विकार खरा आहे आणि त्याची थट्टा करू नये. खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सर्व गोष्टींपुढे खेळ येणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, ही त्याची लक्षणे सांगितली आहेत. सरावखोलीतही कोणी हरवून जाऊ शकतो. मात्र एक फरक ध्यानात घ्यावा. मोबाइलवरचे पुष्कळ गेम आपल्याला रोज परत खेचण्यासाठी बक्षिसे, आमिषे आणि क्रमांक दाखवतात. सरावखोलीत यांतले काही नसते. हात दुखू लागले की माणूस आपोआप उठतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. सरावखोलीतला बहाद्दर खऱ्या सामन्यात टिकतो का? नेहमी टिकत नाही. माझा भाऊ मला दहापैकी सात वेळा हरवतो, कारण तो खांबासारखा उभा राहत नाही. तो फसवतो, मागे सरकतो, मध्येच बसतो. म्हणून केवळ सराव पुरेसा नाही. पण सरावावाचून काय होते हेही पाहावे. लाहोरचा अर्सलान ॲश हा तरुण २०१९ साली जपानमधील आणि अमेरिकेतील 'ईव्हो' या दोन्ही मोठ्या स्पर्धांत 'टेकन ७' जिंकला, तेव्हा साऱ्या जगाला आश्चर्य वाटले. कारण पाकिस्तानच्या खेळाडूंना तोवर कोणी हिशेबात धरले नव्हते. आमच्याकडे याहूनही चांगले खेळणारे आहेत, असे त्याने सांगितल्यावर दक्षिण कोरियाचा नामांकित खेळाडू 'नी' त्यांच्याबरोबर खेळण्यासाठी पाकिस्तानात गेला. लाहोरच्या त्या पोरांजवळ गल्लीतली मशिने होती आणि एकमेकांना शिकवणारे सोबती होते. मामाच्या पार्लरमधला डाव लपवण्याचा नियम तेथे मोडला गेला असावा, असे मला वाटते.

महाभारतात यासंबंधी दोन गोष्टी आहेत. एका रात्री वाऱ्याने दिवा विझला, तरी जेवणाऱ्या अर्जुनाचा हात बरोबर तोंडाकडे जात राहिला. हे सवयीने होते तर अंधारात बाणही का मारता येऊ नये, असे मनात येऊन तो रात्री सराव करू लागला. दुसरी गोष्ट एकलव्याची. त्याने मातीचा द्रोण समोर ठेवला आणि एकट्याने विद्या मिळवली. सराव दोघांनीही एकांतातच केला, पण अर्जुनाच्या सरावाने द्रोणांना आनंद झाला आणि एकलव्याच्या सरावाची किंमत अंगठा ठरली. सरावखोलीच्या दाराबाहेर कोण उभे आहे यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

आपला प्रश्न

येथून मी आपल्या महाविद्यालयाकडे येते. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आपल्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. माझे वडील अंबरनाथच्या एमआयडीसीत मदतनीस आहेत, ते नववीपर्यंत शिकले. आई सातवीपर्यंत. त्यांनी मला कशालाही अडवले नाही आणि त्यांच्या कष्टाला तोड नाही. परंतु ज्या घरात मागची पिढी शिकलेली असते त्या घरात मुलांना नकळत एक सरावखोली मिळते. जेवताना इंग्रजी बोलून पाहता येते. चुकले तर आई हसून सुधारते. मुलाखतीला जाण्यापूर्वी वडील चार प्रश्न विचारतात. अर्ज कसा लिहायचा, साहेबांच्या खोलीत शिरताना काय म्हणायचे, बँकेत कोणत्या खिडकीशी जायचे, हे सारे घरच्या मातीत घोटून झालेले असते.

आमच्यापैकी अनेकांना प्रत्येक गोष्ट प्रथमच आणि थेट सामन्यात करावी लागते. इंग्रजीतले पहिले वाक्य तोंडी परीक्षेत. पहिली मुलाखत खऱ्या नोकरीसाठी. पहिले भाषण खच्चून भरलेल्या सभागृहापुढे. तेथे प्रत्येक टोकनला पैसे पडतात आणि मागे रांग उभी असते. मग एखादी हुशार मुलगी तीन वर्षे वर्गात तोंड उघडत नाही आणि सर्वांना वाटते की तिला बोलायचेच नाही. झायन्स यांच्या झुरळाची वळणाची वाट आम्ही रोज चालतो.

आपल्याकडे वक्तृत्वस्पर्धा आहेत, काव्यवाचनस्पर्धा आहेत, वादविवादस्पर्धा आहेत. त्यांत बक्षिसे मिळवणाऱ्यांचा मला अभिमान वाटतो. पण या साऱ्या स्पर्धा आहेत. जेथे हरणे शक्यच नाही अशी जागा आपल्या वेळापत्रकात कोठे आहे, याचा गुरुजनांनी कृपया विचार करावा.

माझी सूचना अगदी लहान आहे. शनिवारी तास संपल्यावर एक वर्ग तासभर उघडा ठेवावा. तेथे ज्याला जे घोटायचे आहे ते त्याने घोटावे : इंग्रजी बोलणे, मुलाखत, कवितावाचन, अर्ज लिहिणे. गुण नाहीत, बक्षीस नाही, हजेरी नाही, आणि नुसते पाहायला आलेल्यांना प्रवेश नाही. जो आत येईल त्याने पाळीपाळीने दुसऱ्याचा मल्लखांब व्हावे. म्हणजे त्याने सांगितलेला प्रश्न, त्याने सांगितलेल्या वेगाने, तो पुरे म्हणेपर्यंत विचारत राहावे आणि उत्तरावर हसू नये. याला खर्च एका ट्यूबलाइटचा आणि किल्लीचा.

तृतीय वर्षाच्या दोन ताई आणि माझ्या वर्गातले तिघे यासाठी तयार आहेत. किल्ली मिळाली तर पुढच्या सत्रापासून आरंभ करता येईल. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' हा प्रश्न कोणाला पन्नास वेळा विचारून हवा असेल, तर पहिल्या शनिवारी समोरच्या खुर्चीवर मी बसेन. दुसऱ्या शनिवारी मात्र मला विचारायला कोणीतरी यावे.